नोंद जुनी की निराधार?

लँग्वेज मॉडेलला कालच्या संभाषणातले आज काहीही आठवत नाही. म्हणून त्याच्यावर उभारलेल्या एजंटला, म्हणजे आपल्या वतीने तिकिटे काढणाऱ्या किंवा पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या प्रणालीला, आठवणींचा साठा बाहेरून जोडून द्यावा लागतो. बोलण्यातून ती बारीकसारीक नोंदी टिपून ठेवते आणि पुढच्या वेळी त्यांतल्या लागू पडणाऱ्या शोधून मॉडेलपुढे मांडते. काही महिन्यांतच साठ्यात दुबार, परस्परविरोधी, कालबाह्य नोंदींची गर्दी होते आणि ठरावीक वेळाने सफाई करावी लागते. या सफाईचा जो निकष सर्रास सुचवला जातो, तो मला मुळातच चुकीचा वाटतो. नोंद किती जुनी आणि किती वापरातली, एवढ्यावर तिचे भवितव्य ठरते. माझ्या मते आधी विचारायला हवे, की ती कशाच्या आधारावर केली गेली आणि तो आधार अजून शिल्लक आहे का.

स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'जनरेटिव्ह एजंट्स' हा गाजलेला प्रयोग केला. एका काल्पनिक गावातली २५ पात्रे आपापल्या आठवणींच्या बळावर वागत होती. कोणती आठवण पुढे आणायची हे ताजेपणा, महत्त्व आणि प्रसंगाशी असलेला संबंध यांवर ठरे, आणि ताजेपणा मोजला जाई तो आठवण शेवटची वापरली गेली त्या क्षणापासून. त्याच वर्षीच्या 'मेमरीबँक' या रचनेने हेर्मान एबिंगहाउसचा १८८५ चा विस्मरणाचा सिद्धांत हाताशी घेतला: वापरलेली आठवण पक्की होत जाते, न वापरलेली विरते. निवडीसाठी हे ठीक आहे, पण सफाईलाही हेच माप लावले की घोटाळा होतो. समजा, एजंटकडे दोन नोंदी आहेत: 'ठाण्यात राहतात' आणि 'शेंगदाण्याची ॲलर्जी आहे'. पहिली रोज लागते, दुसरी वर्षभरात एकदाही लागलेली नाही. आता या गृहस्थांची नागपूरला बदली झाली. खोटी ठरलेली पहिली नोंद वापरामुळे टवटवीत राहते आणि जिवाशी गाठ असलेली दुसरी काढून टाकण्याच्या यादीत जाते. महत्त्वाला वेगळे गुण दिले की ॲलर्जी वाचेल, हे मान्य. पण ठाण्याचा पत्ता त्याने हलत नाही.

खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. एजंट नोंदींवरून अनुमाने काढतात आणि तीही साठवतात. ठाण्याच्या पत्त्यावरून 'शनिवार-रविवारी कर्जत, लोणावळा सुचवावे' अशी नोंद तयार झालेली असते. पत्ता दुरुस्त केला तरी ती तशीच राहते आणि नागपूरकराला लोणावळा सुचवत बसते. यावरचा विचार नवा नाही. जॉन डॉइल यांनी १९७९ मध्येच अशी प्रणाली मांडली होती, की प्रत्येक समजुतीसोबत तिची कारणे नोंदवायची आणि कारण गेले की त्यावर टेकलेल्या समजुतींचाही फेरविचार करायचा. सातबाऱ्यावर जुने नाव कंसात जाते आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. कोणत्या व्यवहाराने बदल झाला हे त्यावरून शोधता येते. एजंटच्या प्रत्येक नोंदीला असाच क्रमांक हवा: कोणत्या संभाषणातून आली, कोणी सांगितले, कोणत्या नोंदींवरून काढली. हे फार खर्चाचे आहे असे म्हणणाऱ्यांना मी स्टॅनफर्डच्याच प्रयोगाकडे बोट दाखवेन; तिथे पात्रांच्या अनुमानांसोबत त्यांच्या आधारभूत आठवणींचे दुवे जपलेले होते.

साठवण स्वस्त झाली, मॉडेल एका वेळी लाखो शब्द वाचू लागले, मग सफाई हवीच कशाला, असाही आक्षेप येतो. पण वाचता येणे वेगळे आणि नेमके हेरता येणे वेगळे. लांबलचक मजकुराच्या मध्यावर उत्तर असेल तर मॉडेलची कामगिरी घसरते, हे २०२३ मधल्या 'लॉस्ट इन द मिडल' या अभ्यासाने दाखवले. मॉडेल सुधारत आहेत, तरी परस्परविरोधी नोंदींतली खरी कोणती हे केवळ जास्त वाचून कळत नाही. शिवाय सुरक्षेचा प्रश्न आहे. सुरक्षा-संशोधक योहान रेबर्गर यांनी २०२४ मध्ये दाखवले, की बाहेरच्या मजकुरात दडवलेल्या सूचना चॅटजीपीटीच्या कायमच्या मेमरीत शिरू शकतात. अशी नोंद कालचीच असते, नित्य वापरात असते, म्हणून वय पाहणारी सफाई तिला हातही लावत नाही. उगम लिहिलेला असेल तर वापरकर्त्याने न सांगितलेली प्रत्येक नोंद वेगळी काढून तपासता येते.

जुने कंसात ठेवायचे म्हटले तर खाजगीपणाचे काय, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो, की संमती मागे घेतली किंवा हेतू संपला की, दुसऱ्या कायद्याने जपणे बंधनकारक नसेल, तर माहिती पुसली पाहिजे. तिथे कंस चालणार नाही. नोंद खरोखर जायला हवी आणि तिच्यावरून काढलेली अनुमानेही. पण ती कोणती, हे उगमाच्या साखळीशिवाय सापडणार कसे? म्हणजे हा आक्षेपही शेवटी आधार लिहून ठेवण्याच्याच बाजूने जातो.

वाचकांना एक विनंती. तुम्ही वापरता त्या सहायकाच्या सेटिंग्जमध्ये मेमरीची यादी असेल तर ती उघडून एकेक ओळ वाचा आणि हे आपण कधी सांगितले होते, असे स्वतःला विचारा. चॅटजीपीटीसारख्या सेवेत संभाषण खोडले तरी त्यातून टिपलेली मेमरी शिल्लक राहते. दोन्ही वेगवेगळी खोडावी लागतात.