अहिल्या घाट, पण कुठला?

४ जानेवारी
नाशिकचं घर आवरताना आजी-आजोबांचा फोटो भिंतीवरून उतरवला. घाटाच्या पायऱ्या, मागे नदी. आजोबा कोट-टोपीत, आजी नऊवारीत, नथ घालून. काचेखालच्या पट्टीवर काकांच्या अक्षरात ‘काशी’. आई म्हणाली, “शेवटी शेवटी सासूबाई सारख्या म्हणायच्या, माझी काशी राहिली. आम्ही या फोटोकडे बोट दाखवायचो. वाटायचं, विसरल्या.”
फ्रेम उघडली. फोटोच्या पाठीवर आजोबांची शिसपेन्सिल: ‘अहिल्या घाट, १९५८’. वरची ओळ पुठ्ठ्याला चिकटून गेली आहे. काशीत दशाश्वमेधाजवळ अहिल्याबाई घाट आहे. काकांनी त्यावरूनच ठरवलं असणार. पण आजी खोटं का बोलेल?

७ जानेवारी
फोटो स्कॅन करून मोठा केला. सावल्या पुढे, कॅमेऱ्याकडे पडल्या आहेत. काशीतही सकाळी अशाच पडतील, तेव्हा त्यांवर भिस्त ठेवता येत नाही.
मग होडी दिसली. पाण्यातल्या खुंटाला दोरीने बांधलेली आणि खुंटाच्या उजव्या अंगाला गेलेली. बांधलेली होडी प्रवाहाबरोबर खाली ओढली जाते, म्हणजे इथे पाणी डावीकडून उजवीकडे वाहतंय. काशीत गंगा उत्तरवाहिनी आणि घाट पश्चिम काठावर. घाटावरून नदीकडे तोंड केलं की उत्तर डाव्या हाताला येते. तिथे पाणी उजवीकडून डावीकडे जायला हवं.

८ जानेवारी
रात्री मनात आलं, छापताना निगेटिव्ह उलटी पडली असेल तर? सकाळी भिंग घेऊन बसले. आजीची नथ डाव्या नाकपुडीत आहे, जिथे असायला हवी तिथेच. छपाई सरळ आहे. ही काशी नाही.

११ जानेवारी
आत्याला फोन केला. ती तेव्हा अगदी लहान. म्हणाली, “अगं, आई सांगायची ना, खांडव्याला उतरून छोट्या गाडीत बसलो, आणि तू माझ्या मांडीवर झोपलीस.”
छोटी गाडी म्हणजे खांडवा-इंदूर मीटरगेज. त्या वाटेवर ओंकारेश्वर, आणि पुढे बडवाहला उतरून महेश्वर. महेश्वर ही अहिल्याबाईंची राजधानी, तिथेही अहिल्या घाट आहे. तो नर्मदेच्या उत्तर काठावर, आणि नर्मदा पश्चिमवाहिनी. तिथून नदीकडे पाहिलं की पाणी डावीकडून उजवीकडेच जाणार.
पुन्हा फोटो उघडला. आजीच्या खांद्यामागचा पांढुरका ठिपका मी इतके दिवस बुरशीचा डाग समजत होते. मोठा केला तर त्याला शिखर आहे. भर नदीत देऊळ.

२५ जानेवारी, महेश्वर
इंदूरहून सकाळी गाडीने आले. किल्ल्याच्या दरवाजातून घाटावर उतरले आणि समोर पाण्यात ते देऊळ उभं होतं. एका म्हाताऱ्या नावाड्याला फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, “बाणेश्वर” म्हणाले, आणि मला हाताने खुणावत चार पायऱ्या खाली, मग थोडं डावीकडे सरकवलं. शिखर फोटोतल्या जागेवर येईपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही. पायरीचा दगड उन्हाने तापला होता. आजी इथे उभी होती.
काशीविश्वेश्वराचं देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाई याच गावात राहिल्या, १३ ऑगस्ट १७९५ रोजी इथेच गेल्या. काशीला आणि महेश्वरला एकाच बाईंच्या नावाचे घाट आहेत. आमची चूक त्या नावातून झाली.

२८ जानेवारी
आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. आपणच त्यांना खोटं पाडलं.”
‘काशी’ची पट्टी काढली. पाठीवर आजोबांच्या ओळीखाली मऊ पेन्सिलीने लिहिलं: महेश्वर, नर्मदा, मागे बाणेश्वर. शाई वापरली नाही, ती पुढे उमटते.
हे वाचणाऱ्याने एवढं करावं. घरातले जुने फोटो काढावेत, ओळखणारं माणूस शेजारी बसवावं, आणि गाव, नदी, साल मागे लिहून ठेवावं. ते माणूस काही वेगळं सांगत असेल, तर आधी त्याचं ऐकावं.