सासूबाईंची चार हात वाट



2024 च्या आषाढात आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, धीर मोडला. त्याआधी रोज पहाटे तांदळाची डबी घेऊन एकट्या पायी मल्लिनाथ भगवंतांच्या मंदिरात जायच्या. शिरड शहापुरात आमच्या घरापासून मंदिर काही लांब नाही. पण पडल्यापासून उंबऱ्याबाहेर पाय टाकला की म्हणायच्या, "नको बाई, गरगरतं." डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, काही नाही, चालवा यांना. पण चालवणार कोण? मी म्हटलं तर सून छळते, आणि यांनी म्हटलं तर "तुला काय कळतं." मग पलंगावर जपमाळ, एवढाच दिवस. मंदिर सुटलं की माणूस भराभर म्हातारं होतं, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याचीच मला धास्ती होती.

चातुर्मास संपला आणि डिसेंबरात वन्संनी बोरिवलीला बोलावलं. लेकीच्या घरासाठी त्या निघाल्या नसत्या, पण तिथे आदिनाथ, भरत आणि बाहुबलींच्या तीन मूर्तींचं दर्शन होतं म्हणून तयार झाल्या. परभणीहून रात्रीची देवगिरी धरली. दर्शन छान झालं, तेही माझा दंड घट्ट धरूनच.

दुसऱ्या दिवशी वन्संनी शिळोंड्याची वाट ठरवली होती. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला ही वाट फुटते आणि ओढ्याच्या काठाकाठाने झाडीतून जाते. चढ जवळजवळ नाहीच. परवानगी आधी काढावी लागते, ती वन्संनी काढली होती आणि वाट दाखवणारा एक माणूसही सोबत होता. सासूबाईंचं सुरू झालं, "तिथं बिबटे आहेत ना? आणि जंगलात ठेवलंय काय?" बिबटे आहेत, खरंच आहेत. सुमारे 103 चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते, मुंबईच्या मधोमध. पण दिवसा, माणसांच्या सोबतीने, बोलत चालायचं, असं त्या माणसाने समजावलं. वन्सं म्हणाल्या, "आई, तू दहा पावलं चाल. नको वाटलं तर बसू."

पहिली दहा पावलं मला आठवतात. माझ्या मनगटावर त्यांची नखं उमटली होती. माझा धाकटा मात्र पुढे पळत होता, दगडावरून दगडावर. सासूबाई तिथूनच ओरडल्या, "अरे, महाराज कसे चालतात? चार हात जमीन बघून! खाली जीव असतात." ईर्यासमिती हा शब्द त्याने पाठशाळेत पाठ केलेला आहे, पण पाठ केलेलं पायात उतरत नाही. आता मात्र त्याला खेळ सापडला. खाली पडलेली एक काठी घेतली, आजीच्या हाताने चार हात मोजले आणि पुढे पुढे जाऊन बातम्या देऊ लागला. "आजी, मुळी आहे. आजी, मुंग्यांची रांग, डावीकडून ये. हा दगड हलतो, यावर नको." (हाच मुलगा घरी मी हाक मारली की ओ देत नाही.) त्या त्याचं ऐकून पाय टाकत होत्या. कुठे हिरवळ आली की थांबायच्या, सुकी माती शोधायच्या. ओढ्यात पाणी थोडंच होतं, जागोजाग डबकी साचलेली, वर सावली इतकी की दहा वाजता शाल सोडवेना.

मधे एका उंबराखाली फळांचा सडा पडला होता. भाचीने विचारलं, हे का खायचं नाही? एक फळ फुटलेलं होतं, त्यातून चिलटांहून बारीक कीटक बाहेर येत होते. वाट दाखवणाऱ्याने सांगितलं, उंबराची फुलं फळाच्या आतच असतात. बारीक गांधीलमाशी आत शिरते, अंडी घालते आणि तिच्यामुळेच परागकण पोचतात. सासूबाई वाकून बघत राहिल्या. म्हणाल्या, "पंच उदुंबराचा त्याग लहानपणी पाठ केला होता. पाहिलं आज." वाकल्या होत्या, आणि गरगरलं नव्हतं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर नक्की गरगरलं असतं.

करवीची वाळकी झुडपंही दिसली. ती साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते आणि इथे त्याच पावसाळ्यात फुलून गेली होती. भाचीने बोटं मोजली, "पुढच्या वेळी आजी चौऱ्याऐंशीची!" त्यावर उत्तर आलं, "बघू तेव्हाचं तेव्हा."

तासाभराने परतायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की माझा हात कधीचाच मोकळा आहे.

कुणी जाणार असाल तर सांगते. सोमवारी उद्यान बंद असतं. वाटेवर खायला-प्यायला काही मिळत नाही, आणि आपल्याला ते बरंच. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि गाळून उकळलेलं पाणी नेलं होतं. चप्पल नको, बूट घाला. सासूबाईंनी वन्संचे घातले होते आणि ते परत द्यायचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवस पुन्हा पलंगच. मी आशा सोडली होती. मग एका सकाळी पाहिलं तर कोनाड्यात तांदळाची डबी नव्हती. धाकटाही अंथरुणात नव्हता. मी तशीच गल्लीच्या तोंडापर्यंत पळाले. दोघं पुढे चालली होती, हा काठीने रस्ता मोजत, "आजी, चिखल," आणि त्या भिंतीला धरून नाही, मधून. हाक मारावीशी वाटली, पण दूध गॅसवर होतं, परत फिरले.