संगमावरील सायंकाळ

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी रविवारला लागून आली, म्हणून नाशिकच्या शाळेत शिकणारी नात दोन दिवसांसाठी आजोबांच्या गावी आली होती. गाव निफाड तालुक्यातले, गोदावरीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहाटे द्राक्षांच्या बागांतून लोक शेकोट्या पेटवून बसतात आणि दुपारचे ऊनदेखील अंगावर घ्यावेसे वाटते. परंतु मुलीचे मन थंडीत नव्हते. येतानाच तिने एक हट्ट धरला होता. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर सूर्य मावळताना होडीतून फिरायचे, आणि होडीत आपल्यावाचून दुसरे कोणी असू नये! तिची एक मैत्रीण भिगवणला जाऊन आली होती. तेथे उजनीच्या पाण्यात मच्छीमार पाहुण्यांना आपल्या होड्यांतून नेतात आणि रोहित पक्ष्यांचे थवे दाखवतात. मैत्रिणीने ती हकिगत इतक्या वेळा सांगितली होती की, आपल्या जिल्ह्यातही असे काही आहे हे दाखवून दिल्याशिवाय मुलीला चैन पडणार नव्हते.

आजोबांना होडीचे कौतुक नव्हते. पक्ष्यांचे तर त्याहून नव्हते.

"त्या पाखरांना पाहायला आपण कशाला जायचे? तीच रोज सकाळी आपल्या हरभऱ्यात येतात," ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या दोन एकर हरभऱ्यात गेला महिनाभर करड्या रंगाचे, उंच मानेचे पक्षी उतरत होते. घाटे भरू लागले की शेतकऱ्याचे डोळे तिकडे लागतात, तसे या पाहुण्यांचेही लागत असावेत. रोज उजाडताच आजोबा रिकामा डबा आणि काठी घेऊन बांधावर उभे राहत. डबा वाजला की पक्षी उडत आणि शेजारच्या शेतात जाऊन बसत. मग शेजाऱ्याचा डबा वाजे.

शिवाय आजोबांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली होती. ते पाटकरी होते. कालव्याच्या काठाने सायकलवरून फिरावे, कोणाची पाळी कधी लागते ते पाहावे, रात्री कोणी चोरून चारीचे दार उघडले तर ते बंद करावे आणि सकाळी दोन्हीकडच्यांची बोलणी खावी, हे त्यांनी तीस वर्षे केले. पाणी मोजून देणाऱ्या माणसाच्या दृष्टीने जलाशय म्हणजे एक भांडे. त्यात किती मावते आणि किती उरले, एवढाच त्याचा प्रश्न. आणि नांदूरच्या भांड्यात वर्षानुवर्षे पाण्याऐवजी गाळच साठत गेला, याचे दुःख त्यांना निवृत्तीनंतरही सुटले नव्हते.

तरीही नातीचा हट्ट तो हट्ट. दुपारी चारच्या सुमारास दोघे मोटारसायकलवरून निघाले.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकहून चाळीसेक किलोमीटरांवर आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडून पूर्वेकडे वळते. वाटेत इगतपुरीकडून आलेली दारणा तिला मिळते आणि येथे उत्तरेच्या बाजूने कादवा येऊन भेटते. काठी मध्यमेश्वराचे जुने शिवमंदिर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर पोहोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. जमीन काळी, कसदार, पण तहानलेली. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत, इंग्रजी अमदानीत, या संगमावर बंधारा घालण्यात आला. पाण्याची पातळी उंचवायची आणि ते डाव्या व उजव्या कालव्यांत सोडायचे, हा त्यामागील हेतू होता. कोपरगाव, राहाता या भागांतील मळे त्या पाण्यावर पिकले.

परंतु नदी केवळ पाणी आणत नाही. पावसाळ्यात ती डोंगराची माती खांद्यावर घेऊन धावत येते. धावते पाणी माती वाहून नेऊ शकते, थांबलेले पाणी ती खाली ठेवते. बंधाऱ्यापाशी दोन्ही नद्यांचा वेग मंदावला आणि दरवर्षी थोडा थोडा गाळ तळाशी बसू लागला. खोल पाणी उथळ झाले, उथळ पाण्यातून बेटे वर आली, बेटांवर लव्हाळे आणि पाणगवत माजले. बंधारा बांधणाऱ्यांपैकी कोणाच्याही नकाशात ही बेटे नव्हती.

चापडगावच्या बाजूने दोघे आत शिरले तेव्हा निरीक्षण मनोऱ्याजवळ एक तरुण वाटाड्या भेटला. जवळच्याच गावचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. खांद्यावर तिपाईची मोठी दुर्बीण आणि हातात पक्ष्यांच्या चित्रांचे, पानापानाला मळलेले पुस्तक. मुलीने पहिलाच प्रश्न केला, "होडी कुठे आहे?"

"आज होडी नाही, ताई. आपण काठाकाठाने चालू," तो म्हणाला.

मुलीचा चेहरा उतरला. उजनीची गोष्ट सांगून तिने वाद घालण्याचाही प्रयत्न केला. वाटाड्या हसला. "उजनीचे पाणी अफाट आहे. एका बाजूने होडी गेली तर पक्षी दुसऱ्या बाजूला सरकतात. इथे सरकायला जागा किती आहे ते तुम्हीच पाहा. आणि थोडे थांबा, होडीने काय होते तेही दिसेल."

पाय आपटत का होईना, मुलगी चालू लागली. मात्र दुर्बिणीला डोळा लावल्यावर तिचा राग फार वेळ टिकला नाही.

पाण्यावर काळे ठिपके पसरलेले दिसत होते. दुर्बिणीतून ते एकदम पक्षी झाले. काळ्या अंगाचे आणि कपाळी पांढरा टिळा लावलेले. त्यांना वारकरी म्हणतात, आणि या नावाला दुसरा पुरावा नको. शेकडो वारकरी एकमेकांना धक्के देत, मध्येच भांडत, पुन्हा एकत्र होत पुढे सरकत होते. लव्हाळ्याच्या कडेला जांभळ्या पाणकोंबड्या लाल पाय उचलून तोऱ्यात हिंडत होत्या. कमलपत्रांवरून कमळपक्षी चालत होता; त्याच्या पायांची बोटे इतकी लांब की अंगाचा भार पसरतो आणि पान बुडत नाही. थोड्या पलीकडे चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी ओळीने उभे होते. ते चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीउजवीकडे फिरवीत, जणू कोणी विळ्याने गवत कापीत आहे. मासा किंवा किडा चोचीला लागला की ती मिटते.

"ते डोळ्यांनी शोधत नाहीत का?" मुलीने विचारले.

"पाणी गढूळ आहे ना, ताई. चोचीलाच समजते."

थापट्या बदकाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची चोच पुढे रुंद आणि कडांना बारीक दात्यांची. पाणी आत घ्यायचे, दात्यांतून बाहेर सोडायचे आणि आत राहील ते खायचे. घरातली चहाची गाळणी त्याने तोंडातच बाळगलेली असते. शेकाट्याचे पाय काडीसारखे लांब, म्हणून तो थोड्या खोल पाण्यात उभा राहू शकतो. लहान तुतारी चिखलाच्या कडेला टोचत फिरते. एकाच तळ्यात कोणी घोट्याएवढ्या पाण्यात, कोणी गुडघ्याएवढ्या, कोणी नुसत्या चिखलात, अशा साऱ्यांच्या पंगती मांडलेल्या असतात.

आजोबा इतका वेळ दूर उभे होते. त्यांनी पाण्याकडे पाहून नेहमीच्या सवयीने अंदाज घेतला आणि म्हणाले, "अरे, इथे कमरेएवढेदेखील पाणी उरलेले नाही."

"म्हणूनच तर हे आले, बाबा," वाटाड्या म्हणाला. "पाणी खोल असते तर चमच्या उभा कुठे राहिला असता? शेकाट्याने काय करायचे?"

आजोबांनी काही उत्तर दिले नाही. पण ते दोन पावले पुढे आले आणि दुर्बिणीपाशी थांबले.

जी गोष्ट पाटकऱ्याच्या वहीत तोटा म्हणून लिहिली जाते, ती येथे जमेच्या बाजूला आली होती, हे खरे. पण दोन्ही बाजू खऱ्याच. साठा घटला तसा हा बंधारा अधिकाधिक दारणा, गंगापूर अशा वरच्या धरणांच्या पाण्यावर अवलंबून राहिला. तिकडून आलेले पाणी कालव्यांत वळवणे हेच त्याचे मुख्य काम झाले. त्याच वेळी पक्ष्यांची गर्दी वाढत गेली. 1986 साली शासनाने येथे अभयारण्य जाहीर केले. इराणमधील रामसर या गावी 1971 साली अनेक राष्ट्रांनी पाणथळ जागा राखण्याचा करार केला. भारत त्यात 1982 साली सामील झाला. 2020 च्या जानेवारीत त्या कराराच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरचे नाव आल्याचे जाहीर झाले, आणि महाराष्ट्रातील ते पहिलेच स्थळ ठरले. प्राणी व वनस्पती मिळून 536 जातींची येथे नोंद आहे. त्यांत बिबट्याही आहे, आणि काठच्या उसात तो खरोखरच असतो. अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडायचे, असे वाटाड्याने आरंभीच बजावले होते.

संकट मात्र यादीत नाव आल्याने टळत नाही. मुलीला एका बाजूस पाण्यावर हिरवीगार गादी पसरलेली दिसली आणि तिला ती फार सुंदर वाटली. ती जलपर्णी होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शहरांचे सांडपाणी पिऊन माजते. तिच्याखालच्या पाण्याला उजेड मिळत नाही, हवाही पुरेशी मिळत नाही, आणि मग तेथे मासा राहत नाही. नाशिकच्या ज्या घरात मुलगी राहत होती, तेथील न्हाणीचे पाणीही अखेर याच नदीच्या वाटेला लागते. वाटाड्याने हे सहज सांगितले. मुलगी मात्र बराच वेळ त्या हिरव्या गादीकडे पाहत राहिली.

सूर्य उतरू लागला. पाण्यावर तांबडी पट्टी उमटली. एवढ्यात तपकिरी रंगाचा एक शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून, अगदी खालून, पंख न हलवता तरंगत आला. दलदलीवरचा भोवत्या तो. त्याची सावली पाण्यावर पडली मात्र, आणि सारे तळे उठले! वारकरी पाण्यावर पाय आपटीत धावू लागले. बदके एकदम उंच गेली. पंखांचा आवाज पावसाची सर यावी तसा काठापर्यंत आला. भोवत्याच्या हाती काही लागले नाही. तो निघून गेला. तरीही थवे कितीतरी वेळ घिरट्या घालीत राहिले. चरणे थांबलेच.

"होडी गेली की असेच होते," वाटाड्या हलकेच म्हणाला. "भोवत्या दिवसातून काही वेळा येतो. होडी मात्र माणसाला हवी तितक्या वेळा येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये यांना परत जायचे असते, ताई. त्याआधी अंगावर चरबी साठली पाहिजे. प्रत्येक वेळी उडायचे म्हणजे साठवलेले खर्च करायचे."

मुलीने पुन्हा होडीचे नाव काढले नाही.

साडेसहा होत आले. वाटाड्या दुर्बीण गुंडाळणार, इतक्यात दूर आकाशातून एक खडबडीत, घुमणारा आवाज आला. आजोबांनी सर्वांच्या आधी मान वर केली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पूर्वेकडून पक्ष्यांची वाकडी रांग येत होती. माना पुढे ताणलेल्या, पाय मागे सरळ. एक रांग, तिच्यामागे दुसरी. डोक्यावरून जाताना मुलीने श्वास रोखून धरला.

"कांड्या करकोचे," वाटाड्या म्हणाला. "मंगोलियाकडच्या आणि मध्य आशियातल्या गवताळ रानांत यांची घरटी असतात. थंडी पडली की हिमालय ओलांडून इकडे येतात. नेपाळात काली गंडकीच्या खोऱ्यावरून यांचे थवे जाताना लोक पाहतात. दिवसा शेतात चरतात आणि रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. पाण्यातून कोल्हा आला तर पायाला लाटा लागतात, जाग येते."

"हे आपल्याच हरभऱ्यातले का हो, आजोबा?" मुलीने विचारले.

"दुसरे कोण असणार!" आजोबा म्हणाले. पण त्यांची नजर वरच होती. एकेक करून करकोचे पंख आवरीत बेटापाशी उतरले. जेथे ते उतरले तेथे पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंतही आले नाही. गाळाचीच जागा ती.

"हिमालय ओलांडून येतात," आजोबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी त्यांना डबा वाजवून दाखवतो."

"मग उद्या वाजवणार नाही?"

"वाजवीन तर! बियाणे उधारीचे आहे, बाळ."

परतीच्या वाटेवर अंधार झाला होता. उसाच्या कडेने जाताना आजोबांनी मोटारसायकलचा दिवा मोठा केला. रात्रपाळीची वीज आली असावी. कोठे कोठे मोटारी सुरू झाल्याचा आवाज येत होता आणि पाटाचे पाणी वाफ्यांत शिरत होते. घर जवळ आले तेव्हा मुलीने मागून विचारले, "सकाळी मला उठवाल का? मीपण शेतात येईन."

"हाकलायला की पाहायला?"

मुलगी उत्तर देईना. आजोबांनी दाराशी गाडी उभी केली, ओट्यावर पालथा पडलेला डबा उचलून आत ठेवला आणि म्हणाले, "लवकर नीज. आधी पाहू, मग हाकलू."