ओडेसाची शुक्रवार रात्र

टेक्सासच्या पश्चिमेला ओडेसा हे तेलविहिरींचे गाव आहे. भोवताली सपाट, रखरखीत माळ. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करावी असे तेथे फारसे काही नाही. पण शरद ऋतूतल्या शुक्रवारी संध्याकाळी अर्धे गाव एकाच दिशेने निघते. कशाला? तर शाळेतल्या पोरांचा फुटबॉल पाहायला! 1982 मध्ये सुरू झालेल्या रॅटलिफ स्टेडियममध्ये 17 हजारांवर माणसे बसतात. आपल्याकडे शाळेच्या सामन्याला चार पालक आले तरी हेडमास्तर धन्य होतात!

शुक्रवार शाळांचा, शनिवार कॉलेजांचा, रविवार धंदेवाईकांचा, अशी तेथील वाटणी. शाळांचा प्रेक्षक घरी बसू नये म्हणून 1961 च्या कायद्यात 1966 मध्ये झालेल्या दुरुस्तीने हंगामातल्या शुक्रवारी रात्री धंदेवाईक सामने टेलिव्हिजनवर दाखवण्याला आळा घातला.

माझे लक्ष मात्र चिअरलीडर मुलींकडे. ही प्रथा 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात पुरुषांनी सुरू केली. मुली तीत आल्या 1923 मध्ये. आता त्या एकमेकींना उंच फेकतात आणि झेलतात. झेल चुकला तर हाडेच मोडायची!

माझी भाची त्यांतलीच एक. त्या रात्री तिची शाळा हरत होती. लोक उठून मोटारींकडे निघाले. मैदानाकडे पाठ करून उभ्या असलेल्या या मुलींना दिसत होती ती फक्त रिकामी होणारी बाके. तरी त्यांचा घोष थांबेना.

घरी परतताना मी म्हणालो, "अगं, हरणार हे दिसत असताना घसा कशाला फोडून घ्यायचा?"

तिचा आवाज पार बसला होता. ती एवढेच म्हणाली, "मामा, मुलं अजून खेळत होती ना!"