चौगान, चरखी आणि आमचा अर्ज

जयपूरला निघालो तेव्हा बॅगेत स्वेटर आणि कानटोप्यांबरोबर एक कोरा अर्जही होता. आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांची क्रिकेट अकादमीच्या बाहेरगावी खेळणाऱ्या संघात निवड झाली होती. वर्षभर सुरत, इंदूर, कोल्हापूर अशा स्पर्धा. पहिला हप्ता आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढा, आणि उत्तर द्यायचं सोमवारपर्यंत. नाही म्हटलं तर सोसायटीशेजारच्या मैदानावर संध्याकाळचा खेळ आणि दिवाळीत वॉर्डाची स्पर्धा, बस्स. ‘चालून आलेली संधी घालवू नकोस,’ असं ह्यांचं म्हणणं. ‘शनिवार-रविवार घर ओस पडेल,’ असं माझं. धाकटीला विचारायचं कुणाला सुचलंच नाही!

जयपूर पाहायचं तर मुक्काम चारदीवारीतच करावा. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेलं हे तटबंदीचं शहर. विद्याधर भट्टाचार्य या बंगाली जाणकाराने त्याची आखणी केली. नऊ चौकड्या, काटकोनात छेदणारे बाजार आणि तब्बल १११ फूट रुंदीचे मुख्य रस्ते. २०१९ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. २०२० पासून भुयारी मेट्रो थेट छोट्या चौपडीपर्यंत येते, त्यामुळे मुलांना घेऊन फिरणं सोपं झालंय.

छोट्या चौपडीवरून उत्तरेला गणगौरी बाजार लागतो. त्याच बाजूला चौगान. चौगान हे पोलोचंच जुनं नाव. संस्थानी काळात इथे हत्तींच्या झुंजी व्हायच्या, तीज-गणगौरीच्या मिरवणुका यायच्या. आता इथे स्टेडियम आहे. आम्ही गेलो तेव्हा एका कोपऱ्यात मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला.

मैदान पाहून ह्यांना महाराजा सवाई मानसिंह दुसरे आठवले. १९३३ मध्ये त्यांचा जयपूर संघ घोडे आणि मोतद्दारांसह बोटीने इंग्लंडला गेला आणि तिथल्या खुल्या स्पर्धा जिंकून आला. ‘बाहेरगावी खेळणारा संघ असावा तर असा!’ हे म्हणाले. खरंय. पण त्या संघामागे संस्थानचा खजिना होता आणि घोड्यावर बसलेले चौघेही स्वतःच्या हौशीने गेलेले जाणते पुरुष होते. आमच्यामागे होतं भविष्यनिर्वाह निधीचं खातं आणि पुढे दहा वर्षांचं पोर.

उत्तर सापडलं ते मात्र गच्चीवर. संक्रांत जवळ आली की चारदीवारीचं आभाळ पतंगांनी भरून जातं. किशनपोल बाजारातून पतंग, मांजा आणि चरखी, म्हणजे आपली फिरकी, घेऊन आम्ही उतरलो होतो त्या हवेलीच्या गच्चीवर गेलो. शेजारपाजारची सात-आठ मुलं आधीच जमलेली. आमच्या मुलाच्या हाती आधी चरखीच आली. पाऊण तास तो निमूटपणे ढील देत, मांजा गुंडाळत उभा होता. मग पतंगवाल्या मुलाने न मागता दोर त्याच्या हातात दिला आणि चरखी स्वतः घेतली. पुढची पाळी धाकटीची! पतंग कापला गेला, तरी ‘वो काटा!’ची आरोळी तिनेच सगळ्यांत मोठ्याने ठोकली. ‘यहाँ सबकी बारी आती है,’ हवेलीच्या मालकीणबाई फीणीची ताटली पुढे करत म्हणाल्या.

रात्री मुलाला पहिल्यांदाच सरळ विचारलं, ‘तुला जायचंय का?’ थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, ‘गेल्या वेळी दोन्ही मॅचमध्ये मी पाणीच दिलं. माझा नंबर येणार असेल तर जाईन.’

आम्ही मोठी माणसं निवड, हप्ता, भवितव्य यांवर भांडत होतो. त्याचा प्रश्न साधा होता: खेळायला मिळणार का?

अशा वेळी सगळे सचिन तेंडुलकरचं उदाहरण देतात. ते नीट आठवून पाहा. शारदाश्रम शाळेत गेल्यावर तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. म्हणजे घरच्यांनी त्याचा प्रवास वाढवला नाही, कमी केला. आचरेकर सर त्याला स्कूटरवरून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे, ते सामने बघायला नव्हे, फलंदाजी करायला. नॉर्वेत तर मुलं तेराव्या वर्षात येईपर्यंत त्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरवतच नाहीत. तरी जेमतेम ५५ लाख वस्तीच्या या देशाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं मिळवली, त्या स्पर्धेतली सर्वाधिक. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितलं की, बहुतेक खेळांत साधारण पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नये, आणि आठवड्यातून निदान एक दिवस विश्रांती द्यावी.

म्हणून बाहेरगावी खेळणं वाईट, असं मुळीच नाही. मूल स्वतः हट्ट धरत असेल, मैदानात उतरायला मिळत असेल आणि घराची ओढाताण होत नसेल, तर जरूर पाठवा. पण सही करण्यापूर्वी प्रशिक्षकांना एक गोष्ट विचारा: पंधरा मुलं नेणार, त्यांतली खेळणार किती? आणि घरातल्या दुसऱ्या मुलाच्या शनिवार-रविवारचं काय, हे स्वतःला विचारा.

सोमवारी आम्ही अकादमीत हेच विचारलं. ‘संघाच्या गरजेप्रमाणे पाहू,’ असं उत्तर मिळालं. अर्ज कोराच परत आणला. नेहमीचा सराव चालू ठेवला, मे महिन्यात एका स्पर्धेला पाठवायचं कबूल केलं. ह्यांची चुटपुट अजून गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही नाही. संध्याकाळी खिडकीतून मैदानावरचा गलका ऐकू येतो. त्यात ‘आता माझा नंबर!’ हा आवाज ओळखीचा वाटला की मात्र ती थोडी कमी होते.