येहूचा रथ आणि आमची लाल गाडी



गेले काही महिने मिस्सा संपून बाहेर आलो की आम्हाला एकच प्रश्न ऐकू येतो. "काय ओ सर, गाडी बदललासा म्हणे?" विचारणाऱ्याची नजर आमच्याकडे नसते, चर्चच्या आवारात चिंचेखाली उभ्या असलेल्या लाल गाडीकडे असते. आम्ही हसून वेळ मारून नेत आलो. आज सविस्तर उत्तर देतो. हे आम्ही पती-पत्नी मिळून लिहीत आहोत. धर्मशिक्षणाचे वर्ग आमच्यातला एक जण घेतो हे खरे, पण गाडी दोघांनी पसंत केली, पैसे दोघांचे गेले आणि पुढे जी चूक घडली तीही दोघांची.

आधीची छोटी गाडी तेरा वर्षे वापरली. रोज बेळगावातल्या बेळगावात शाळा आणि ऑफिस, रविवारी सकाळचा मिस्सा आटोपून जांबोटीच्या बाजूच्या दोन गावांत मुलांचे वर्ग, महिन्यातून एकदा खानापूर. तिकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, शेवटच्या वर्षी मागच्या सीटखालच्या पत्र्यातून रस्ता दिसायला लागला होता. दुसरी गाडी लागणार होती, त्यात खोटे काही नव्हते.

विम्याची एक पॉलिसी मुदत संपून हातात आली. ते पैसे खरे तर स्वयंपाकघराच्या कौलांसाठी ठेवायचे ठरले होते. सव्वाचार लाखांत पाच-सहा वर्षांची, साधी, वीस किलोमीटरच्या आसपास मायलेज देणारी गाडी सहज आली असती. आमच्या ओळखीच्या चार जणांनी तेच सांगितले. आम्ही कोल्हापूरला जाऊन २०१२ची स्कोडा लॉरा आरएस घेऊन आलो.

ज्यांना गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लॉरा म्हणजे ऑक्टाव्हिया या गाडीच्या दुसऱ्या पिढीला भारतात दिलेले नाव. (ऑक्टाव्हिया हे नाव लॅटिनमधल्या 'आठ' या शब्दावरून आले आहे. पुनरुत्थान सणापासूनच्या आठ दिवसांना आपण ऑक्टेव्ह म्हणतो, तोच शब्द. हे कळल्यावर आम्हाला उगाच शुभशकुन वाटला. मन कुठला आधार शोधेल सांगता येत नाही.) ती औरंगाबादजवळच्या कारखान्यात जुळणी होऊन बाहेर पडत असे, म्हणजे तशी आपल्याच मुलखातली. दिसायला घरगुती सेडान, चार दरवाजे, मागे एवढी मोठी डिकी की आमची हार्मोनियम, पुस्तकांच्या दोन पेट्या आणि क्रिबची फळकुटे एकदम मावतात. पण आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. आत १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १६० पीएस ताकद, सहा गिअर. आमच्या जुन्या गाडीच्या तिप्पट.

आम्ही लोकांना डिकी दाखवत होतो. "वर्गाचे सामान नेता येते बघा." दणकटपणा सांगत होतो, एअरबॅग सांगत होतो. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. तरीही सगळे मिळून खोटे होते, कारण कोल्हापुरात पहिल्यांदा चालवून बघताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली तेव्हाच सौदा झाला होता. डिकी तर आम्ही नंतर उघडून बघितली.

तपासणी मात्र नीट केली असे आम्हाला वाटत होते. इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावले, कारण चेनची खडखड आणि सायलेन्सरमधला निळा धूर पहिल्या मिनिटातच कळतो. विकणारा आधीच गाडी गरम करून ठेवत असेल तर तिथूनच परतावे. टायरवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चॅसी नंबर आरसीशी ताडून पाहिला, कर्जाचा बोजा उतरलेला आहे का ते पाहिले. सर्व्हिसची बिले मात्र शेवटच्या तीन वर्षांची नव्हती. "हरवली ओ," असे दलाल म्हणाला. आम्ही मान डोलावली. आपल्याला जे हवे असते त्याच्याविरुद्ध पुरावा मागायला जीभ उचलत नाही.

मग कागदपत्रे. एमएच-०९ची पाटी घेऊन केए-२२च्या गावात राहायचे म्हणजे काय, हे सीमाभागातल्या आपल्या लोकांना ठाऊकच आहे. कोल्हापूरच्या आरटीओचे ना-हरकत पत्र, नाव बदलण्याचे फॉर्म, कर्नाटकाचा आजीवन कर. राज्य बदलल्यावर बारा महिन्यांच्या आत नवी नोंदणी करायची असते. कराचा हिशेब आम्ही किमतीत धरलाच नव्हता. कौलांचे उरलेसुरले पैसे तिथे गेले. आणि पंधरा वर्षे भरतील तेव्हा, म्हणजे २०२७ मध्ये, फिटनेस दाखवून पुन्हा नोंदणी करावी लागेल.

गाडी घरी आल्यावर फादरांनी प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले आणि बॉनेटकडे बघत म्हणाले, "हिच्यापेक्षा तुम्हा दोघांवर जरा जास्त शिंपडतो." सगळे हसले. आम्हीही.

रोजच्या वापराला अशी गाडी कशी असते? तक्रार करण्यासारखी नाही आणि सोपीही नाही. शहरात एका लिटरला नऊ-दहा किलोमीटर. चार माणसे बसली की कॅम्पातले काही स्पीडब्रेकर तिरके ओलांडावे लागतात, नाहीतर पोट घासते. टर्बो इंजिन सकाळी लगेच ताणायचे नाही, आणि घाट चढून आल्यावर लगेच बंदही करायचे नाही, मिनिटभर तसेच फिरू द्यायचे, तेलाने टर्बो थंड होऊ द्यायचा. तेलावर कंजुषी चालत नाही. पावसाळ्यात चांगले टायर लागतात, आणि चांगल्या टायरचा एक जोड म्हणजे जुन्या गाडीचे चारही. एवढे सांभाळले तर ती रोज सकाळी शहाण्यासारखी सुरू होते. तिचा स्वभाव वाईट नाही. आमच्या स्वभावाचे काय, हा प्रश्न पुढे आला.

आमच्या वाड्यावरच्या एक मावशी गुडघ्यांमुळे मिस्साला येऊ शकत नव्हत्या. त्यांना दर रविवारी नेऊ, असे आम्ही ठरवले. पहिल्या रविवारी त्या सीटमध्ये बसल्या त्या रुतल्याच. "अगं बाई, ही गाडी आहे का विहीर?" उतरताना दोघांनी ओढून काढावे लागले. लोकांची सेवा करायला म्हणून घेतलेली गाडी सर्वांत पहिल्या सेवेलाच ठेंगणी पडली. मावशी पुढच्या आठवड्यापासून घरून एक जाड उशी आणू लागल्या.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत दृढीकरणाच्या वर्गातली तीन मुले घेऊन आम्ही कोल्हापूरला रिट्रीटला गेलो होतो. परत येताना रात्र झाली. तवंदी घाट उतरून संकेश्वर मागे पडले, रस्ता मोकळा होता. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, किती पळते ओ ही? खरंच?" आमच्यातल्या एकाच्या हातात स्टिअरिंग होते. दुसरी शेजारी बसली होती, ती काही बोलली नाही. बोलायला हवे होते, पण तिलाही बघायचे होते. काटा १६०च्या पुढे गेला. मुले ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. असे फार तर अर्धा मिनिट चालले असेल. त्या रस्त्यावर मोटारीला १००ची मर्यादा आहे. मग पुढे एका ट्रॅक्टरची ट्रॉली दिसली, मागे दिवा नसलेली, उसाने भरलेली. ब्रेक चांगले होते. ट्रॉलीच्या मागे बऱ्याच अंतरावर आम्ही साठवर आलो. गाडीत कुणाला काही वाटलेही नाही. आम्हा दोघांना वाटले. घरी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते आणि थांबायला लागणारे अंतरही जवळजवळ चौपट होते. हे आमच्यातली एक जण शाळेत नववीला शिकवते. चाळीस मार्कांच्या पेपरात ती हा प्रश्न घालते.

पुढच्या रविवारी वर्गात पवित्र आत्म्याची सात दाने हा विषय होता. वह्या तपासताना एका वहीच्या मागच्या पानावर स्पीडोमीटर काढलेला दिसला. काटा लाल पेनने, नेमका जिथे होता तिथे. खाली आमचे नाव. सात दाने पुढच्या पानावर होती, त्यातली दोन राहिली होती.

जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, येहूची गोष्ट आहे. इज्रेलच्या बुरुजावरच्या पहारेकऱ्याला दुरून येणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. पण रथ ज्या बेभानपणे हाकला जातोय त्यावरून तो ओळखतो की हा येहू असणार. आजवर आम्ही ही गोष्ट मुलांना हसवण्यासाठी सांगत होतो. माणूस हाकण्यावरून ओळखला जातो, आणि आमची ओळख त्या वहीत काढलेली होती.

२००७ साली व्हॅटिकनच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्या सेवेसाठीच्या परिषदेने रस्त्यावरच्या वर्तनाविषयी एक मार्गदर्शक पत्रक काढले होते. त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. पहिली तीच, हत्या करू नकोस. पाचवीचा आशय असा की गाडी ही तुझ्या सत्तेचे आणि वर्चस्वाचे प्रदर्शन होऊ नये, पापाचे निमित्त होऊ नये. तेव्हा वर्तमानपत्रांनी याची थोडी थट्टाही केली होती. आम्हीही केली होती, तेव्हा आमच्याकडे स्कूटर होती.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिन्ही मुलांच्या घरी गेलो. प्रायश्चित्त संस्कार घेतला होता, पण देवाची क्षमा मागून आईबापांची मागायची राहते. एका आईने चहा दिला आणि म्हणाली, "पोरगं तर म्हणालं मज्जा आली." दुसऱ्या घरात बराच वेळ कुणी बोलले नाही. तिसऱ्या घरातल्या वडिलांनी आम्हाला बसाही म्हटले नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ त्याच हायवेवर गेला होता. हे आम्हाला माहीत होते. अंत्यविधीला आम्हीच गीते म्हटली होती. तो मुलगा त्यानंतर आमच्या गाडीत बसलेला नाही. वर्गाला येतो, सायकलवर.

मार्चमध्ये चोर्ला घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढायला लागला आणि गाडी मात्र तेवढीच चालत राहिली. क्लच घसरत होता. मेकॅनिकने कॉम्प्युटर जोडून बघितले आणि हसला. आधीच्या मालकाने इंजिनचा प्रोग्राम बदलून घेतला होता, ज्याला रीमॅप म्हणतात. टर्बोचा दाब वाढवला की ताकद वाढते, पण क्लच जेवढ्या ताकदीसाठी बनवला तेवढ्यापुरताच राहतो. वर विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल अपघाताच्या वेळी आपल्याच गळ्यात येऊ शकतो. हरवलेल्या बिलांचा अर्थ तेव्हा लागला.

मेकॅनिक म्हणाला, "सर, दोन रस्ते आहेत. भारी क्लच घालूया आणि ही ताकद ठेवूया. नाहीतर मूळ प्रोग्राम, मूळ क्लच. सांगा." खर्चात फारसा फरक नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. खरे सांगायचे तर, उत्तर द्यायला आम्हाला वेळ लागला. मूळ प्रोग्राम घाला, म्हटले.

विकून टाका, असेही पुष्कळांनी सुचवले. विचार केला. दीड लाखाच्या तोट्यात ती एखाद्या वीस वर्षांच्या पोराच्या हाती जाणार हे दिसत होते, आणि आम्हाला ती आवडते हेही खरे. ही दोन्ही कारणे सांगतो. त्यातले कुठले जास्त वजनाचे, ते तुम्ही ओळखालच. स्वयंपाकघर या पावसाळ्यातही दोन ठिकाणी गळते. तिथे पातेली ठेवतो.

गाडी आता थोडी मंद झाली आहे. हायवेवर नव्वदला सहाव्या गिअरमध्ये ती तेरा-चौदाचे मायलेजही देते. चिंचेखालचा प्रश्न अजून येतो, विशेषतः मुलांकडून. "सर, किती पळते?" आम्ही सांगतो, जांबोटीला पंचेचाळीस मिनिटे लागतात. मुलांची निराशा होते. मावशींची उशी आता मागच्या सीटवरच असते, त्या ती घरी नेत नाहीत.