दिवटी

हिंगोलीकडच्या अंगणात गोंधळ मांडला, की बघायला किती जवळ बसायचं हे दिवटी ठरवते. धातूची मूठ, वर तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा घट्ट बोळा आणि सोबतीला तेलाची बुधली, एवढाच तिचा संसार. तिचा उजेड तोकडा. त्यात गोंधळ्यांच्या नायकाचं तोंड दिसावं म्हणून माणसं सरकत सरकत पुढं येतात. नवरा-नवरी पाटावर, म्हाताऱ्या भिंतीला टेकून, पोरं सगळ्यांच्या पुढं, पूजेच्या चौकाला पाय लागू नये एवढंच अंतर राखून.

स्वभावानं ती मानी आणि खादाड. कलश बसला, वर उसाची ताटं बांधली, संबळ घुमू लागला, तरी तेल पडल्याशिवाय ती खुलत नाही. मुठीवर हळदीकुंकवाची पुटं चढलेली असतात. हळद पिकवणाऱ्या या मुलखात तिला त्याची कधी उणीव पडली नाही. घरातलं एकेक माणूस उठून तिच्यावर तेल घालतं. बघायला आलेल्यांनीच रंगमंचाचा दिवा तेवत ठेवायचा, ही रीत मला फार मोलाची वाटते.

तुळजापूरची भवानी, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातली माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, अशा साऱ्या दैवतांना बोलावणं जातं, तेव्हा दिवटी नुसती उभी असते. तिचं खरं काम आख्यान लागल्यावर. हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, आणि त्या परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी ज्या आख्यानांना गळा दिला, त्यांत जांभूळ आख्यान होतं. पाच पांडवांची बायको द्रौपदी. तिचं मन कर्णावर जातं. कृष्णाला ते कळतं. ऋषीसाठी राखलेलं झाडावरचं एकुलतं एक जांभूळ तोडलं जातं, आणि ते देठाला परत चिकटायचं तर प्रत्येकानं मनातलं खरं बोलायला हवं. द्रौपदीची पाळी येते.

इथं नायक झगा सावरतो, मान किंचित कलती करतो. बाई होण्यासाठी त्याला एवढं पुरतं. साथीदार तुणतुण्यावरचा हात आवरून विचारतो, ‘मग?’ दिवटीची ज्योत हलते आणि त्या दाढीच्या तोंडावर आधी लाज, मग हट्ट, मग सुटका उमटताना दिसते. पुढच्या रांगेतल्या सासुरवाशिणी खाली बघू लागतात. दहा पावलं मागं बसलेल्याला हे दिसणारच नाही.

१९७४च्या सुमारास दादरला छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं प्रयोग सुरू केले, तेव्हा नटाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळ बसण्याचं शहरातल्या प्रेक्षकाला अप्रूप वाटलं. ते अप्रूप खरंच होतं. पण आमच्याकडच्या अंगणांना ही जवळीक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि नाटकाच्या इतिहासात तिला तेवढ्याच मानानं जागा मिळायला हवी.

आता मांडवात हॅलोजन लागतो, कर्णा लागतो. उजेड गल्लीभर पसरतो, माणसंही पसरतात, खुर्च्या मागं मागं जातात. दिवटी पेटवतात, पण तिच्याकडं कुणी बघत नाही. द्रौपदीला आता ओरडून कबुली द्यावी लागते, आणि ओरडून दिलेली कबुली मला ऐकवत नाही.

ज्यांच्या घरी या लगीनसराईत गोंधळ आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे: जेवणावळीला हवा तेवढा उजेड करा. आख्यान लागलं की मात्र हॅलोजन बंद करा, खुर्च्या उचला, सतरंजी अंथरा आणि बुधली भरून ठेवा.